साडेअकराची पहाट

सव्वीस वर्षं मी नर्मदा चढवली.
जलूदच्या पंपावर, बहुतेक रात्रपाळीलाच,
घाट चढून वांचू पॉइंटपर्यंत.
तिथून पुढे ती आपली आपण उतरायची इंदूरात,
सुदामानगरच्या आमच्या नळालाही,
एक दिवसाआड.

आता त्याच नळाखाली निळी बादली लावतो.
गाळून घेतो, मग तोलून मीठ घालतो,
लिटरला पस्तीस ग्रॅम,
आणि मुठीएवढा पंप ते रात्रभर ढवळत बसतो.
नलिनी म्हणते, गोड्या पाण्याची नासाडी.
मी म्हणतो, भडोचच्या पुढे ती खारट होणारच होती,
मी फक्त तिचा प्रवास वाचवला.
यावर ती काही बोलली नाही.
पण टाकीशेजारची सतार तिने
आतल्या खोलीत नेऊन ठेवली.

सियागंजच्या मुर्तझाभाईंनी रॅस आणून दिली,
फिजीकडची, बोटाएवढी,
अंगभर ठिपके,
रंगाऱ्याने जाता जाता कुंचला झटकावा तसे.
पिशवीतून सोडली, तिने एक गिरकी घेतली
आणि नाक खुपसून वाळूत शिरली.
गेली ती गेलीच.

दुसरा दिवस. चौथा.
गेजचा काटा वाचावा तशी मी वाळू वाचत होतो.
कोळंबीचे तुकडे टाकले, संध्याकाळी काढले.
मेली असेल, नलिनी म्हणाली,
वास सुटायच्या आत बघा.
मी पळीचा दांडा घेऊन उभा राहिलो,
तर फोनवर मुर्तझाभाई ओरडले,
"खोदना मत साहब! दफ़न नहीं हुई, सो रही है।"

सहाव्या रात्री वीज गेली.
बॅटरीवर हवा चालू आहे ना, हे पाहायला उठलो.
टॉर्चवर रुमाल धरला होता.
आणि ती बाहेर होती.
खडकाला टोचे मारत,
एक डोळा माझ्याकडे, दुसरा स्वतःच्या कामाकडे,
काळोखात अगदी दिवसाढवळ्या हिंडत होती.

साडेअकरा.
दुसऱ्या रात्रीही साडेअकराच.
मग मी नातवाच्या पृथ्वीगोलावर बोटांनी मोजलं.
तिच्या खडकावर त्या घटकेला फटफटत होतं.
दोन विमानं, तीन पिशव्या, सियागंजचं थर्माकोल,
एवढ्यातून तिने आपली पहाट आणली होती
थेंबभरही न सांडता.

मला हे कुणी समजावून सांगायला नको होतं.
पाळी सुटून चार वर्षं झाली,
पावणेतीनला माझे डोळे उघडतातच.
हात अंथरुणात व्हॉल्व्हचं चाक शोधतो,
अडीच फेरे, डावीकडे.
नलिनी झोपेतच म्हणते,
चालू आहे पंप. झोपा.

दिवा रोज सातलाच लावा, मुर्तझाभाई म्हणाले,
शिकेल ती.
शिकू लागली.
साडेअकराचे बारा, बाराचा सव्वा वाजला,
पहाट रोज थोडी थोडी इकडे सरकू लागली,
पाइपात पाणी पुढे सरकतं तशी, आवाज न करता.

आणि मधल्या एका रात्री
पावणेतीनला मी बाहेर आलो
तेव्हाच वाळूला भेग पडली.
आधी ओठ, मग ते ठिपके.
आम्ही दोघंच जागे होतो.
मी खुर्ची ओढली नाही, आवाज झाला असता.
उभाच राहिलो, चार वाजेपर्यंत.

ती थांबली नाही. पुढे गेली,
साडेतीन, पाच, सहा.
आता सातला दिवा लागला की वर येते,
पोहेवाल्याच्या हाकेबरोबर, इंदूरकरासारखी,
आणि मोबदल्यात कोळंबी मागते.

मी अजून पावणेतीनलाच आहे.
उठतो, वाळू पाहतो. सपाट.
काचेच्या कडेला साचलेलं मीठ नखाने खरवडतो
आणि वरची जाळी चारी कोपऱ्यांत दाबून बघतो.
ही जात उडी मारते, मुर्तझाभाईंनी बजावलंय.
कुठे जायला, ते मात्र
त्यांनाही ठाऊक नाही.